गाऱ्हाण्यातली एक ओळ

"ह्या लगीन कुणाचा हाय?" हातात नारळ धरून, भर मांडवात, माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

मांडव हसला. हसणारच. माझे सासरे गंगाराम पाष्टे, सगळ्या वाडीचे 'भाव', म्हणजे आंबेकोंडात फिरक्या घेण्यात पहिला नंबर. लग्न असो, बारसं असो, नवी विहीर असो, वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. नारळ धरून ते सगळ्यांच्या वतीनं वाघजाई देवीशी बोलायचे आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला खाली बसलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायची. बोलता बोलता मधेच एखाद्याची टोपी उडवायची त्यांना खोडच होती. त्यामुळे हीही गंमतच असं धरून मागून कोणीतरी म्हणालं, "तुमचाच हाय भाव, उबं ऱ्हावा बोहल्यावर."

बाबा हसले नाहीत. नवरी त्यांच्या पुतण्याची पोर, त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिच्याकडे त्यांनी परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, मग नारळाकडे बघितलं, आणि एकदम सूर लावला, "आन बा माते, नाचताना-खेळताना कुणाला लागला-सवारला, तर तुज्या पायाशी ठेवू, तोंडावर आणणार नाय रे म्हाराजा."

सवयीनं दोन-चार जण 'व्हय म्हाराजा' म्हणाले आणि मग गप्प झाले. कारण ही ओळ लग्नातली नव्हतीच. ती शिमग्याची, देवीची पालखी नाचवायच्या आधी म्हणायची ओळ. लग्नात कोण कशाला नाचेल आणि कोणाला कशाला लागेल? नवरीच्या बापानं पुढं होऊन हळूच नारळ काढून घेतला आणि भटजींना खूण केली. माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं अक्षतांचं ताट थरथरत होतं. मला वाटलं, नवऱ्याची चारचौघांत शोभा झाली म्हणून.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. पण ते ताट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मी घाटावरची, कराडकडची. लग्न होऊन कोकणात आले तेव्हा मासा हा प्राणी मी फक्त पुस्तकात बघितला होता. पहिल्याच आठवड्यात घशात काटा अडकला आणि वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून बाबा जेवताना एक तुकडा बाजूला काढायचे, बोटांनी काटे वेचायचे आणि ती वाटी आत पाठवून द्यायचे. "घाटावरची हाय ती. तिला भाकर कळते, काटा कळत नाय." माझे वडील मी परकरात असतानाच गेले. त्यामुळे हा माणूस मला नवऱ्याच्या आधी आवडला, हे मी वसंताला आजही तोंडावर सांगते. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, त्याला नट-बोल्टापलीकडचं काही बोललं की लाज वाटते.

तर लग्नातला तो प्रसंग झाला आणि मग गाडी घसरणीलाच लागली. बाबा चहाची पितळी उचलायचे आणि ती डाव्या हातातून निसटायची. डावी चप्पल तर अंगणात, गोठ्याच्या दारात, पाणंदीत, कुठंही सापडायची. पायातून गेलेली त्यांना कळायचीच नाही. दिवसा बसल्या बसल्या डोळे मिटायचे. डोक्याला टॉवेल आवळून बांधलेला, तो जेवतानासुद्धा सोडायचे नाहीत. एके दिवशी मला म्हणाले, "तू जानूची लेक ना गो? तुजी आयस बरी हाय?" मी म्हटलं, "बाबा, मी नंदा." तर म्हणाले, "आसशील. नंदा पन चांगली पोर हाय." मी चुलीपुढं जाऊन बसले आणि धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

आणि गंमत म्हणजे, दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख. गुरांची नावं, शेजाऱ्यांच्या भानगडी, सगळं जिथल्या तिथं. मला हाक मारून म्हणाले, "घाटावरचे, आज कढी आळणी झाली." मी आनंदानं मीठ घेऊन धावले, तर तोवर पुन्हा डोळे विझलेले. वाडीत लोक म्हणायला लागले, भाव सोंग घेतो. मनात असेल तेव्हा बरोबर आठवतं त्याला.

आता काटे काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. बांगडा सोलायचा, काटा शोधायचा, घास करून त्यांच्या पुढ्यात ठेवायचा. ते निमूट खायचे. त्यांचं ते निमूट खाणं मला सहन व्हायचं नाही.

तालुक्याच्या डॉक्टरनं त्यांना खुर्चीत बसवलं, छाती तपासली, आजचा वार विचारला. बाबा म्हणाले, "तुमच्याकडं क्यालेंडर नाय काय?" डॉक्टर हसला आणि म्हणाला, "वय झालं. स्मृतिभ्रंश आहे. आता हे वाढतच जाणार, सांभाळून घ्या." ताकदीच्या गोळ्या दिल्या. वसंतानं मान हलवली. परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "आमचा आजा पण असाच गेला. शेवटी स्वतःचं नाव इसरला व्हता."

"आजाला किती वर्षं लागली विसरायला?" मी विचारलं.

"लय. मी पाळण्यात व्हतो तवापासनं म्हणतात."

"आणि बाबांनी शिमग्याला उभं राहून सगळं गाऱ्हाणं न अडखळता म्हटलं. आत्ता आंबे उतरतायत. म्हातारपण चालत येतं, वसंता. हे धावत आलं."

काही बोललं की नाकावर माशी बसू न देणारी बायको म्हणून माझी ख्याती होतीच. त्यात त्याच आठवड्यात मानकऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की पुढच्या शिमग्याला गाऱ्हाणं दुसऱ्यानं घालावं. बाबांना हे कोणी सांगितलं नाही. पण पडवीत बसून त्यांनी ऐकलं आणि समजलं असावं, कारण त्या दिवशी ते जेवले नाहीत. गाऱ्हाणं गेलं की हा माणूस गेला, एवढं मला कळत होतं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मोठ्या डॉक्टरकडे नेऊ या. मेंदूच्या."

"नको गो," त्या म्हणाल्या. "देवीच्या मनात आसंल तसा व्हईल." आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेल्या. गुरांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

मी ऐकलं नाही. वसंताला रजा टाकायला लावली आणि सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही शहरात गेलो.

डॉक्टर अणावकर म्हणजे ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई. त्यांच्या खोलीत घाई कशी ती नव्हतीच. मी तालुक्याच्या डॉक्टरचं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विसरणं हे दुखणं नव्हे, दुखण्याची खूण. ताप आला की आपण विचारतो ना, कशानं आला? हे पण तसंच विचारायचं. कधी मेंदूच झिजतो, त्याला फार इलाज नाही. पण कधी थायरॉइड असतं, कधी एखादं जीवनसत्त्व कमी पडतं, कधी एखादी गोळी बाधते, कधी माणूस नुसता मनातून खचलेला असतो. शोधल्याशिवाय मी म्हातारपणावर खापर फोडत नाही."

मग त्या बाबांकडे वळल्या. "आजोबा, आपण कुठल्या गावात आहोत?"

"तुमी गाडीनं आलात, की चालत?" बाबांनी विचारलं.

"मी इथंच राहते."

"मंग तुमाला म्हाईत आसंल."

बाई खळखळून हसल्या. पण हसता हसताच त्यांचं बघणं चालू होतं. बाबांना त्यांनी खोलीभर चालायला लावलं. डावी चप्पल दारापाशीच राहिली. मग डोळे मिटून दोन्ही हात पुढं धरायला सांगितले, तळवे वर करून. बाबांनी धरले, देवीपुढं प्रसादाला धरतात तसे. उजवा तसाच राहिला. डावा हळूहळू खाली यायला लागला आणि आतल्या बाजूला कलंडला. बाबांना पत्ताच नव्हता, दोन्ही हात सारखेच आहेत अशा समाधानात ते डोळे मिटून उभे होते.

डॉक्टरबाईंचं हसू गेलं. "हा टॉवेल कायम असतो?"

"आंघोळीपुरता सोडतात," मी म्हटलं.

"डोकं दुखतं म्हणून बांधता का, आजोबा?"

बाबा म्हणाले, "आवळला की बरा वाटतो."

एवढे दिवस तो टॉवेल आम्ही रोज बघत होतो आणि हे एकानंही विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं, "एवढ्यात कुठं पडले होते? अंगणात, न्हाणीत, झाडावरून?"

"नाही," वसंता म्हणाला.

"डोक्याला काही लागलं होतं?"

"नाही."

"आजी, तुम्ही सांगा."

सासूबाईंनी मान खाली घातली. "नाय."

"रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे का? हृदयासाठी?"

ती चालू होती, दोन वर्षं. बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाल्या, "मेंदूचा फोटो काढायचा. आजच. पण मला अजून वाटतं, यांना कुठंतरी लागलंय. आठवा. तेवढ्यात मी यांचं रक्त काढून घेते."

मी सासूबाईंचा हात धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. नळाला तोंड धुतलं त्यांनी, पदरानं पुसलं, परत धुतलं. मला ते लग्नातलं ताट आठवलं. बाबा ती ओळ म्हणत होते तेव्हा थरथरलं होतं, आधी नाही.

"आई," मी म्हटलं, "तोंडावर आणणार नाय, म्हणजे काय आणणार नाय?"

त्या बाकावर बसल्या.

"तू घाटावरची, तुला नाय कळायचा," त्या म्हणाल्या. "पालखी नाचवताना दांडा कुणाला लागला ना, तर बोलायचा नाय. बोलला तर देवी रागावली आसा धरतात. पालखी जाग्यावर बसवतात. त्या साली घराघरात येत नाय. मुंबयवरनं पोरा आल्येली आसतात, घराघरात शेणानं सारवल्याला आसता, वट्या भरायला बाया वाट बघत आसतात. येका मानसापायी सगळ्यांचा शिमगा मोडायचा? म्हणून मग बोलायचाच नाय. हेच तर सांगतात ना दर साली. सगळी व्हय म्हाराजा बोलतात."

"बाबांना लागला होता?"

"हितं," त्यांनी कानाच्या वर हात ठेवला. "घरी आलं तवा टेंगूळ आल्याला. मी हळद लावली, टॉवेल बांदला. दोन दिसांत उतारला पन. मंग मी इसारली. खरा सांगते, इसारली. लग्नात ती वळ बोललं तवा समदा आठावला."

"आई, मग आत्ता का नाही सांगितलं? तिथं कुठं पालखी होती?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुडच्या दांड्याला कोन व्हता?"

मला एकदम आठवलं. त्या साली पहिल्यांदाच पुढच्या दांड्याचा मान आमच्या घराला मिळाला होता. बाबांनी स्वतः गावभर मिरवून सांगितलं होतं. नवं धोतर नेसून, कपाळावर गुलाल फासून, दांडा खांद्यावर घेऊन वसंता नाचला होता.

"त्याला म्हाईत नाय," सासूबाई म्हणाल्या. "गर्दीत कळला पन नाय त्याला. हे मला बोलले, पोराच्या कानावर गेला तर तुला माजी शपथ हाय. पयलाच मान, त्यात बापाला लागला म्हणून जन्मभर खंतावंल तो. आता मी शपथ पाळू, की मानूस पाळू? तू सांग."

मला त्या दोघांचा रागही आला आणि दोघांना पोटाशी धरावंसंही वाटलं. एकानं पोरापायी डोक्यावरचा घाव लपवला आणि दुसरीनं नवऱ्याच्या शब्दापायी. मी म्हटलं, "आई, शपथ तुम्हाला घातलीय. मला नाही."

आत गेले. वसंता बापाच्या शर्टाची बाही वर करून धरून उभा होता, नर्स रक्त काढत होती. मी डॉक्टरांकडे बघून सांगितलं, "शिमग्याला पालखीचा दांडा डोक्याला लागला होता. उजव्या बाजूला, कानाच्या वर." वसंताकडे बघायचं मी टाळलं. पण बाही त्याच्या हातातून सुटलेली मला दिसली.

फोटो आला. बाईंनी तो काचेवर लावून आम्हाला जवळ बोलावलं. कवटीच्या आत, उजव्या बाजूला, चंद्रकोरीसारखा एक पट्टा होता आणि त्यानं मेंदू एका अंगाला रेटला होता.

"मार छोटा होता," त्या म्हणाल्या. "पण या वयात आतली शीर चटकन तुटते, त्यात रक्त पातळ. थेंब थेंब साठत गेलं. दीड-दोन महिन्यांत एवढं झालं. दाब कमीजास्त होतो तसं यांचं भान येतं-जातं. सोंग नाही ते. उजवीकडं दाब, म्हणून डावा हात, डावा पाय."

"म्हणजे म्हातारपण नाय?" वसंतानं विचारलं.

"म्हातारपण आहेच हो, ते कुणाला चुकलंय? पण हे विसरणं त्याचं नाही. कवटीला भोक पाडून हे रक्त काढून टाकता येतं. धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण आणखी उशीर झाला असता, तर मी काहीच म्हणाले नसते."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो होतो. वसंता आईला एक शब्द बोलला नव्हता, मलाही नाही. मग एकदम म्हणाला, "मला कळायला पायजे व्हता. येका वळणाला दांडा खांद्यावर हलका वाटला मला, तवाच तो बाबांच्या डोक्यावर आदाळला आसंल. मला वाटला, देवी हलकी झाली." आणि तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. चांगला मिशीवाला बाप्या, सगळ्यांच्या देखत. सासूबाई त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांनी त्याला गप्प केलं नाही आणि मी पण नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. बाबांचं डोकं भादरलेलं, त्यावर पांढरं बँडेज. डोळे मिटून पडले होते. मी हळूच म्हटलं, "बाबा, मी कोण?"

त्यांनी एक डोळा उघडला. "कोन म्हंजे? इसारलीस काय सोताला?"

मी हसले आणि हसता हसताच मला हुंदका फुटला. त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. डावा. मग त्यांची नजर पायाशी उभ्या असलेल्या वसंताकडे गेली. त्याचं तोंड बघूनच ते समजले. बायकोकडे वळून म्हणाले, "फोडलास ना तोंड?"

"मी नाय," सासूबाई म्हणाल्या. "घाटावरचीनं."

बाबांनी मान परत फिरवली. मग वसंताला म्हणाले, "वळनावर पुडच्यानं गुडगं वाकवायचं आसतात. मान मिळतो, आक्कल मिळत नाय. पुडच्या साली शिकवतो तुला."

घरी आलो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आतल्या खोलीत माझ्या ताटाशेजारी एक वाटी आली. बांगड्याचा मऊ तुकडा, काटे वेचलेला. तोवर मला काटे काढायला येऊन कैक वर्षं झाली होती. मी तो सगळा खाल्ला.

मानकऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. पालखीचं लागलं ही गोष्ट आता गावभर झाली होती. कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे तिनंच वाचवला. बाबा दोघांनाही 'बरोबर बोलतास' म्हणायचे. पण गाऱ्हाण्याचा मान मी सोडलेला नाही, एवढं त्यांनी बैठकीत जाऊन ठणकावलं. "डोक्यातला रगत काढला, गाराना नाय काढला."

पुढचा शिमगा आला. सहाणेपुढं, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापुढं, सगळी वाडी जमली. मुंबईची पोरं, ढोल, गुलाल. आम्ही बायका एका बाजूला. बाबा टोपी घालून, नारळ धरून उभे राहिले आणि त्यांनी सूर लावला. इडापिडा झाली, रोगराई झाली, गुरंढोरं झाली, परमुलखात गेलेली लेकरं झाली. वाक्यामागून वाक्य, आणि प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा'.

"आन बा माते, नाचताना-खेळताना कुणाला लागला-सवारला, तर..."

ते थांबले.

नारळाकडे बघत राहिले, लग्नात बघितलं होतं तसंच. वसंता दांड्यापाशी उभा होता, तो एक पाऊल पुढं सरकला. कोणीतरी हळूच ओळ सांगायला गेलं, "तुज्या पायाशी ठेवू..." बाबांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"तर तो त्यानं घरी जाऊन बायकोला सांगावा. बायकोनं डाक्टरला सांगावा. आन लेकरानं खरा सांगितला म्हणून तू रागवू नको, घराघरात यायची ऱ्हावू नको रे म्हाराजा."

सहाण चिडीचूप झाली. मानकऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळ मोडली होती, आता होकार कोणी द्यायचा? पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात आमच्या बाजूनं, जिथनं गाऱ्हाण्याला आजवर कधी कोणी होकार भरला नव्हता तिथनं, एक चिरका आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

सासूबाई होत्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, समोर देवीकडे बघत.

बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. नारळ तसाच हातात. मग पालखीकडे तोंड करून म्हणाले, "आयकलास ना माते? आख्ख्या संसारात हिला माजा बोलना आज पयल्यांदा पटला."

आधी मुंबईची पोरं हसली, मग सगळी वाडी. त्या हसण्यातच होकार आला, पुरुषांचा आणि बायकांचा मिळून. वसंतानं पुढचा दांडा खांद्यावर घेतला, आणि वळणावर त्यानं गुडघे वाकवले.